मागून दाखवा

छाजेड खोकं समोरून दाखवतात.
खोक्यावर ड्रॅगन, ड्रॅगनच्या डोळ्यात निळा दिवा.
मी म्हणतो, मागून दाखवा.

आमच्या भांडी बाजारात गिऱ्हाईक तांब्या घेतं
तर आधी पालथा करतं,
बुडावर टिचकी मारतं, मग भाव विचारतं.
कॉम्प्युटरचं बूड मागच्या पट्टीवर:
ओळीने भोकं,
कुठलं कुणाचं ते ज्याचं त्याला ठाऊक.

कॅनडा कॉर्नरच्या या दुकानात गारवा आहे.
माझ्या पिशवीत मेलेला बोर्ड,
त्याचे चार कपॅसिटर टम्म पुरीसारखे,
आणि एक केबल, जाड, राखाडी,
टोकाला पंचवीस दात.
छाजेडांचा तन्मय ती उलटीसुलटी करून बघतो.
"काका, ही तर प्रिंटरची. माझ्या जन्माआधीची."

होती प्रिंटरची. आता नावं घालते.

स्टीलचा डबा, पितळी समई, तांब्याची घागर,
सगळ्यांवर कुणी ना कुणी असतं.
चि. सौ. कां. रेवती हिस मामाकडून.
कै. कमळजाबाई पिंगळे यांच्या स्मरणार्थ, रा. पळसे.
एका कळशीवर नुसतं: परत करणे.
सुई खाली, टेबल पुढे, टेबल जरा डावीकडे,
पावलापावलाचा हुकूम या तारांतून जातो,
आणि यंत्राला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही.

"कन्व्हर्टर लावा ना, साडेतीनशेत काम."

लावला होता.
क नीट आला, म नीट आला,
ळ च्या वळणावर हुकूम क्षणभर उशिरा पोचला.
दोन पोटांचं एकच पोट झालं,
कमळजाबाईंच्या नावात चेपलेला चष्मा.
ती घागर आता आमच्या मोरीत असते.
रोज भरतो,
नाव भिंतीकडे करून.

मग छाजेड गल्ल्यावरून उठतात.
एक बोर्ड काढतात, रंगीत दिवे, आठ यूएसबी, माझं एकही नाही.
दुसऱ्याला मागेच हवं ते भोक, गुलाबी, रुंद,
पण तो वापरलेला, आणि वॉरंटी विचारली
की छाजेड पंख्याकडे बघतात.
तिसरा साधा. चिप जुनी, खोकं नवं.
मागे काहीच नाही.
मी परत देणार, तेवढ्यात तन्मय म्हणतो,
"थांबा, इथे काहीतरी लिहिलंय."

कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, एलपीटी.
त्याच्या शेजारी दोन रांगांत उभ्या सुया,
सव्वीसाच्या जागी पंचवीस,
एक मुद्दाम गाळलेली.
मी चष्मा काढून पुन्हा मोजतो.
जन्मभर अक्षरं कोरली,
इतकं बारीक काम मला जमलं नसतं.

चार हजार नऊशे. वर पट्टी आणि रिबन, एकशे ऐंशी.
मी घरून साडेचार ठरवून निघालो होतो.
अधिक महिना तोंडावर,
नाशकातल्या जावयांची ताटं माझ्या फळीवर थप्पीने,
एकही नाव नसलेली.
नवं यंत्र घ्यायचं तर दीड लाख.
छाजेडांना हे सगळं माहीत नाही,
तरी ते वरचे ऐंशी सोडतात
आणि बिलबुक उघडून विचारतात,
"नाव काय टाकू?"

असं मला फारसं कुणी विचारत नाही.
मी विचारतो. वेलांटी पहिली की दुसरी,
तेही विचारतो.
"दत्तात्रय," मी म्हणतो, "दत्तात्रय कासार."
ते घाईत त्रय चं त्रेय करतात.
कागदच आहे, मी काही बोलत नाही.

रात्री मोरीतली घागर आणली, पुसली,
पालथी घालून टेबलाला बांधली.
बुडावर फक्त एक अक्षर सांगितलं.
सुई उतरली, किरकिरली, वळली,
पुन्हा वळली.
ळ.
दोन्ही पोटं वेगवेगळी, मधे स्वच्छ तांबं.

पट्टीचा एक स्क्रू कुठे घरंगळला, सापडत नाही.
तोवर काडेपेटीची काडी खोचून ठेवलीय.